चार उपदाढा काढल्या, तर अक्कलदाढेला जागा मिळते का?

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. वरचे दात पुढे आलेले आहेत आणि खालचे एकमेकांवर चढलेले. ऑर्थोडॉन्टिस्टनी चारही बाजूंची एकेक उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) काढून तार लावायला सांगितले आहे. ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत, खालच्या दोन्ही अक्कलदाढा पुढे कललेल्या दिसतात. शेजारच्या ताई म्हणतात, चार दात काढले की मागे जागा होते आणि अक्कलदाढा आपोआप सरळ येतात. माझ्या नणंदेचे उलटे झाले. तिचे लहानपणी चार दात काढून तार लावली होती, तरी २३व्या वर्षी ऑपरेशन करून चारही अक्कलदाढा काढाव्या लागल्या. ती म्हणते, माझे आठ दात गेले, हिचे जाऊ देऊ नकोस. आणखी एका डॉक्टरांचे म्हणणे की अक्कलदाढा आधीच काढून टाका, नाहीतर तार काढल्यावर पुढचे दात पुन्हा वाकडे होतील. मी कोणाचे ऐकू?
— एक आई, फोंडा

नमस्कार ताई,

पोरीचे चार धडधाकट दात काढायचे म्हटल्यावर आईचे मन मागे-पुढे होणारच. त्यात अक्कलदाढेचा प्रश्न मिसळल्यामुळे तुमचा गुंता वाढला आहे. म्हणून आधी हे दोन प्रश्न वेगळे करू. उपदाढा काढायच्या की नाही, हे पुढच्या दातांची दाटी, ओठांची ठेवण आणि चावा पाहून ठरते. अक्कलदाढेसाठी कोणी उपदाढा काढत नाही आणि काढूही नयेत. उपदाढा काढल्यावर मागे थोडी जागा होते हे खरे, पण ती ओघाने मिळते. ती किती मिळेल हे तार लावणारे डॉक्टर दाढा किती पुढे येऊ देतात यावर अवलंबून असते.

हिशेब मांडून पाहू. एका उपदाढेची रुंदी साधारण ७ मिलिमीटर. ती काढली की प्रत्येक बाजूला ७ मिमीची फट पडते. पुढचे दात मागे येतात, मागच्या दाढा पुढे येतात आणि फट अशी दोन्हीकडून भरते. अक्कलदाढेच्या वाट्याला येते ती फक्त दाढा पुढे आल्याने झालेली जागा. समजा, खालच्या जबड्यात दाटीमुळे एका बाजूला ३ मिमी कमी पडतात. ते आधी त्या ७ मधून गेले, राहिले ४. पुढचे दात अडीच मिमी आत घ्यायचे ठरले, राहिला दीड. तेवढ्याच पहिल्या दोन दाढा पुढे येणार आणि अक्कलदाढेसमोर दीड मिमी मोकळे होणार. खालच्या अक्कलदाढेचा माथा मात्र १० ते ११ मिमी रुंद असतो. शेजारच्या ताईंच्या डोळ्यांसमोर सातची फट आहे. अक्कलदाढेच्या हाती लागतो तो दीड. हा आकडा तुमच्या मुलीचा नव्हे, नमुन्याचा आहे. तिचे माप तिच्या दातांच्या साच्यांवरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून निघेल. दाटी कमी असेल आणि दात फारसे आत घ्यायचे नसतील, तर हाच दीड तीन किंवा चारही होऊ शकतो.

दाढा किती पुढे येणार हे नशिबावर सोडलेले नसते. ऑर्थोडॉन्टिस्ट त्याला अँकरेज म्हणतात, म्हणजे नांगर. पाण्यात दोन होड्या दोरीने बांधा आणि एकीत बसून दोरी ओढा. दोन्ही एकमेकींकडे सरकतात, जड होडी कमी आणि हलकी जास्त. पुढचे दात आणि दाढा यांच्यात हेच चालते. पुढचे दात भरपूर आत घ्यायचे असतील तर दाढांची होडी जड करावी लागते. त्यासाठी वरच्या दोन्ही दाढांना टाळूवरून जोडणारी तार बसवतात, खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने तार देतात किंवा हाडात मिनी-स्क्रू लावतात. नांगर कडक असेल तर फटीचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी दाढांकडून भरतो. मध्यम असेल तर चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. नांगर मुद्दाम सैल ठेवला तर निम्म्याहून जास्त.

मिनी-स्क्रूबद्दल पालकांना सहसा कोणी सांगत नाही असे एक आहे. हा साधारण दीड ते दोन मिमी जाडीचा छोटा स्क्रू हाडात घट्ट बसतो. त्याला धरून पुढचे दात ओढले की दाढा जवळजवळ जागच्या हलत नाहीत. कधी कधी तर फट मिटल्यावरही ओढ चालू राहते आणि सगळी रांगच थोडी मागे सरकते. अशा वेळी चार दात काढूनही अक्कलदाढेची जागा वाढत नाही, उलट घटू शकते. ही उपचारातली चूक नव्हे. पुढे आलेले दात आत घ्यायचे तर तेच करावे लागते. पण ‘दात काढले म्हणजे मागे जागा झालीच’ ही समजूत इथे पार कोसळते. तुमच्या मुलीचे वरचे दात पुढे आहेत, त्यामुळे वरच्या दाढा बहुधा धरूनच ठेवल्या जातील. खाली काय करणार ते विचारून घ्या.

कोणती उपदाढ काढतात यानेही फरक पडतो. सुळ्याला लागून असलेली पहिली उपदाढ काढली तर पुढचे दात आत घेणे सोपे जाते. तिच्यामागची दुसरी उपदाढ काढली तर पुढच्या गटात एकेक दात वाढतो, तो गट जड होतो आणि दाढा जास्त पुढे येतात. त्यामुळे दुसऱ्या उपदाढा काढलेल्यांत अक्कलदाढेला सहसा जास्त जागा मिळते. म्हणून अक्कलदाढेसाठी दुसरी उपदाढ काढा असा हट्ट मात्र धरू नका. पुढचे दात पुरेसे आत आले नाहीत तर मूळ कामच फसेल.

आणखी एक गोष्ट आजच तपासून घ्या. मुलीच्या चार पहिल्या दाढांपैकी, म्हणजे सहाव्या वर्षी आलेल्या दाढांपैकी, एखादी फार किडली आहे का? रूट कॅनल झालेली, भिंती पडलेली, टिकेल की नाही याची शंका असलेली? त्या दाढा दुधाच्या समजून पुष्कळ घरांत दुर्लक्ष होते आणि पंधराव्या वर्षी त्यांची टरफले उरतात. तशी एखादी असेल तर त्या बाजूला निरोगी उपदाढेऐवजी तीच काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिथे १० ते ११ मिमीची फट मिळते, दुसरी दाढ पुढे ओढून घेता येते आणि तिच्यामागून अक्कलदाढ खरोखरच रांगेत येऊ शकते. खर्ची पडतो तो वेळ. एवढी मोठी फट मिटवायला सहज सहा महिने ते वर्षभर जास्त लागते आणि दुसरी दाढ पुढे झुकू नये म्हणून बरेच लक्ष ठेवावे लागते. असे करण्यापूर्वी त्या बाजूची अक्कलदाढ एक्स-रेत आहे आणि तिचा आकार चांगला आहे, याची खात्री हवी. साधारण पाच माणसांत एकाला निदान एक तरी अक्कलदाढ जन्मतःच नसते.

आता कललेल्या दाढांकडे वळू. खालच्या अक्कलदाढेचा कोंब जबड्याच्या वळणात, जिथे उभे हाड सुरू होते तिथे, तयार होतो. सुरुवातीला तिचा माथा पुढे झुकलेलाच असतो. जबडा वाढताना त्या उभ्या हाडाची पुढची कड हळूहळू विरघळते आणि रांगेच्या मागे जागा मोकळी होते. तेवढ्या काळात दाढेची मुळे वाढत असतात आणि ती उठून उभी राहण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे १५व्या वर्षीच्या ओपीजीत ती पुढे कललेली दिसणे यात काही विपरीत नाही. या वयात ती तशी दिसायचीच. पुढे ती सरळ होईल की आडवी अडकेल, हे या एका फोटोवरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलींची वाढ मुलांपेक्षा दोनेक वर्षे आधी आटोपते, त्यामुळे हाड विरघळून मिळणारी जागा तुमच्या मुलीला आता फार मिळणार नाही, एवढे धरून चाला.

कोन आणि जागा या दोन गोष्टीही निरनिराळ्या आहेत. उपदाढा काढलेल्या आणि न काढलेल्या मुलांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांतून एकंदरीत असे दिसते की काढलेल्यांत अक्कलदाढा अडकण्याचे प्रमाण कमी असते. कमी, पण शून्य नव्हे. कोन सुधारतो का, याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. जागा वाढूनही दाढ तशीच कललेली राहू शकते. मग ती दुसऱ्या दाढेच्या फुगवट्याखाली डोके घालून बसते, आणि एकदा तिथे अडकली की वर मोकळी जागा असूनही उठत नाही. वरच्या जबड्यात परिस्थिती जरा बरी असते. वरच्या दाढा सहज पुढे येतात, मागचे हाड मऊ असते, त्यामुळे दाढा पुढे आल्याचा फायदा वरच्या अक्कलदाढांना मिळण्याची शक्यता चांगली. एरवी त्या गालाकडे तिरक्या येऊन गाल चावला जातो. वर मिनी-स्क्रू लावला तर मात्र हा फायदाही गृहीत धरू नका.

एक्स-रेवर पट्टी ठेवून मिमी मोजणाऱ्यांपासूनही सावध राहा. ओपीजीत प्रतिमा साधारण पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त मोठी दिसते. मान थोडी खाली-वर झाली तरी मागच्या दाढांचे कोन बदलतात. खालची जागा पाहायला बाजूने काढलेला सेफॅलोग्राम अधिक विश्वासाचा. त्यात दुसऱ्या दाढेच्या मागच्या कडेपासून उभ्या हाडाच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात आणि ते अक्कलदाढेच्या रुंदीशी ताडून पाहतात. अंतर रुंदीइतके किंवा जास्त असेल तर दाढ येण्याची आशा बरी. बरेच कमी असेल तर दीड-दोन मिमीच्या भरीने फारसे बदलत नाही.

तुमच्या नणंदेचे काय झाले असेल, हे त्यांचे जुने फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दाटी जास्त असेल आणि सगळी जागा तिनेच खाल्ली असेल, नांगर कडक ठेवला असेल किंवा दाढा मुळातच फार आडव्या असतील. यापैकी काहीही असले तरी उपदाढा काढल्यामुळे अक्कलदाढा अडकल्या, असा अर्थ त्यातून निघत नाही. आठ दात गेल्याची त्यांची खंत समजण्यासारखी आहे, पण तिथेही हिशेब करू. माणसाचे दात ३२. उपदाढा काढून अक्कलदाढा नीट आल्या तर २८ राहतात. उपदाढा न काढता फक्त अक्कलदाढा काढाव्या लागल्या तरी २८च. दोन्ही गेल्या तर २४. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या मिळून आठ दाढा शाबूत असतात आणि चावण्याचे बहुतेक काम त्याच करतात. अडकलेली अक्कलदाढ मुळात कामाला कधी आलेलीच नसते.

आधी अक्कलदाढा काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या मताशी आम्ही सहमत नाही. अक्कलदाढ मागून ढकलते आणि म्हणून पुढचे दात वाकडे होतात, ही समजूत जुनी आणि पटण्यासारखी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. ज्यांना अक्कलदाढा नाहीतच त्यांचेही खालचे पुढचे दात विशी-तिशीत दाटतात. ऑर्थोडॉन्टिक उपचार संपलेल्या मुलांपैकी काहींच्या अक्कलदाढा काढून, काहींच्या ठेवून, काही वर्षांनी मापे घेतल्याचा ब्रिटनमधला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. दाटी टाळण्यासाठी अक्कलदाढा काढण्याचे समर्थन त्यातून होत नाही, हाच त्याचा निष्कर्ष. २००० साली उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने, कसलाही आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढणे थांबवा, असा सल्ला दिला. दात पुन्हा वाकडे होऊ नयेत यासाठी उपाय आहे तो रिटेनर. खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेली बारीक तार आणि रात्री घालायचा काढता-घालता रिटेनर. तार काढल्यावर मुली तो वर्षभर घालतात आणि मग डबीत विसरतात. दोष जातो अक्कलदाढेवर.

आधी काढणे योग्य ठरते अशा वेळाही आहेत. उपचारात दुसऱ्या दाढा मागे सरकवायच्या असतील आणि अक्कलदाढ वाटेत असेल तर. खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर, आणि तीही साधारण सहा महिने आधी, म्हणजे हाड भरून येते. एक्स-रेत गाठ दिसली किंवा अक्कलदाढ दुसऱ्या दाढेचे मूळ झिजवत असेल, तर वयाचा विचार न करता. तुमच्या पत्रावरून यांपैकी काही दिसत नाही.

तेव्हा आम्ही काय करू ते सांगतो. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाऊन एकच नेमका प्रश्न विचारा : खालच्या आणि वरच्या दाढा तुमच्या आराखड्यात किती मिलिमीटर पुढे येणार? ज्यांनी आराखडा नीट केला आहे ते लगेच आकडा सांगतील, निदान चौथा हिस्सा की निम्मा एवढे तरी. उत्तर ‘बघू, येतील थोड्या’ असे आले तर सेफॅलोग्राम आणि साचे समोर ठेवून समजावून सांगायची विनंती करा. दुसरे मत हवे असेल तर बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात ऑर्थोडॉन्टिक्स आणि ओरल सर्जरी हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. एका खेपेत दोन्हीकडे दाखवता येते. जाताना आधीचे एक्स-रे बरोबर न्या, म्हणजे नवे काढावे लागणार नाहीत.

पुढच्या दातांसाठी उपदाढा काढणे खरोखर गरजेचे आहे असे ठरले तर पुढे जा. अक्कलदाढा सध्या तशाच ठेवा. तार साधारण दीड ते दोन वर्षे चालेल. तार निघताना एक ओपीजी, मग १८-१९व्या वर्षी आणखी एक. एका ओपीजीतला किरणोत्सर्ग निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळतो तेवढाच असतो, त्याचे भय नको. १८-१९व्या वर्षी मुळे निम्मी ते दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त तयार झालेली असतात आणि चित्र स्पष्ट होते. तेव्हाही दाढ आडवीच असेल, अर्धवट बाहेर येऊन दुसऱ्या दाढेच्या मागे अन्न अडकवत असेल, तर काढण्याचा निर्णय लांबवू नका. तिथे पडणारी कीड दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला, हिरडीखाली असते. दिसेपर्यंत उशीर होतो आणि एका निरुपयोगी दाढेपायी चांगली दाढ जाते. पंचविशीनंतर हाड घट्ट होते, मुळे पूर्ण होतात आणि तेच ऑपरेशन जड जाते. उलट दाढ पूर्ण हाडात, शांत आणि दुसऱ्या दाढेपासून दूर असेल, तर तिला हात न लावता दोनेक वर्षांनी तपासत राहणे पुरते.

उपदाढा काढण्याच्या दिवसाबद्दल थोडे तपशिलात लिहितो, कारण मोठी चूक इथेच होऊ शकते. तार लावणारे डॉक्टर आणि दात काढणारे डॉक्टर पुष्कळदा वेगवेगळे असतात. काढायचे दात चिठ्ठीवर लिहून दिलेले असले पाहिजेत. दंतवैद्य दातांना क्रमांक देतात; पहिल्या उपदाढा असतील तर १४, २४, ३४, ४४. दुसऱ्या असतील तर १५, २५, ३५, ४५. दोन्ही उपदाढा दिसायला जवळपास सारख्या, त्यामुळे चुकीची काढली जाण्याची शक्यता खरी आहे. इंजेक्शन देण्याआधी चिठ्ठीवरचे आकडे डॉक्टरांबरोबर पुन्हा वाचा आणि मुलीच्या तोंडात बोट ठेवून दाखवायला सांगा. यात संकोच करायचे कारण नाही, चांगले डॉक्टर स्वतःच हे करतात. सहसा एका बैठकीत एका बाजूचे वरचे-खालचे दोन दात काढतात आणि आठवड्याभराने दुसऱ्या बाजूचे, म्हणजे एका बाजूने जेवता येते.

काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखा काढून पाहायचा नाही. पहिले २४ तास थुंकायचे नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही. तिथली रक्ताची गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. पहिल्या दिवशी गार पेज, दही-भात, सोलकढी. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकी चूळ. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली तीच घ्या, घरात पडलेली ॲस्पिरिन नको. रक्त त्याने पातळ होते. पुढे तार असेपर्यंत जत्रेतले खाजे, चिक्की, भाजलेले काजू आणि सुकी खारीक समोरच्या दातांनी फोडायची नाही. दाताला चिकटवलेले, तार धरणारे एक ब्रॅकेट सुटले की दाढांचा नांगर बिघडतो आणि मापलेले मिमी चुकतात. चवथीच्या दिवसांत सगळ्यांत जास्त ब्रॅकेट सुटतात ते नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडक कडांमुळे. कुस्करून द्या, वर्ज्य करायची गरज नाही.

पुढच्या काही वर्षांत अक्कलदाढ वर येऊ लागली की तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न साचून सूज येऊ शकते. जबडा दुखतो, तोंड उघडत नाही, तोंडाला वास येतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दिवसातून चार-पाच वेळा, मऊ ब्रशने त्या पदराची सफाई आणि एक-दोन दिवसांत दंतवैद्य. गालाला बाहेरून शेक देऊ नका, सूज पसरते. मशेरी, तंबाखू, लवंगेच्या तेलाचा बोळा तिथे दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून दोन घेऊन बंद करणे हे तर मुळीच नको. पुष्कळदा वरची अक्कलदाढ त्या सुजलेल्या पदरावर आदळत असते. ती साधी काढता येण्यासारखी असते आणि काढली की आराम पडतो. ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला, सूज गळ्याकडे उतरली किंवा तोंडात दोन बोटेही मावेनात, तर रात्र असो की रविवार, थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या. ही सूज गळ्यात उतरली तर श्वासाला धोका असतो.

आणि पुढे कधी खालची अक्कलदाढ ऑपरेशन करून काढायची वेळ आली, तर सर्जनना आधी विचारा की दाढेची मुळे जबड्यातल्या नसेच्या नळीला किती जवळ आहेत. ओपीजीत नळीवर येणारे मूळ काळवंडलेले दिसले, नळीची पांढरी रेघ तुटलेली दिसली किंवा नळी वळलेली दिसली, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून पाहतात. तसे काही दिसत नसेल तर स्कॅनचा खर्च नको. त्या नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित बधिरपणा कायमचा राहतो. नस फारच चिकटून असेल तर माथा कापून काढून मुळे तशीच ठेवण्याचाही मार्ग आहे. ऑपरेशननंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवडाभर तोंड पुरते उघडत नाही. परीक्षेला किंवा घरातल्या कार्याला निदान पंधरा दिवस राहतील असाच दिवस धरा.

शेवटची विनंती छोटी आहे. आत्ता काढलेला ओपीजी आणि सेफॅलोग्राम यांच्या मूळ प्रती किंवा फाइल, वर तारीख लिहून, स्वतःकडे ठेवा. दवाखान्यात ठेवलेल्या चार वर्षांनी मिळतीलच असे नाही. १९व्या वर्षी अक्कलदाढेबद्दल ठरवताना सर्जनना सर्वांत जास्त उपयोग होईल तो याच फोटोचा, कारण ती दाढ तेव्हापासून किती उठली, की अजिबात उठली नाही, हे त्याच्याशी ताडूनच कळते.